वाचकांचे प्रश्न : निळीचा रांजण आणि वेगवेगळे धागे

मागील अंकात या पानावर दक्षिण कोरियातील नाजू येथील पारंपरिक नीळ-रंगाईची थोडक्यात ओळख करून दिली होती. त्यानंतर आलेली पत्रे बहुतांशी वर्धा, यवतमाळ, भंडारा आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील खेड्यांमधून आलेली आहेत. ती लिहिणारे स्वतः सूत कातणारे, विणणारे किंवा बचत गटातून कापड रंगवणारे असल्यामुळे प्रश्न अगदी कामाचे आहेत. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी मूळ पद्धत आधी सांगते.

नाजू हा योंगसान नदीच्या काठचा, सखल शेतीचा भाग. तेथील नीळ ज्या रोपापासून मिळते त्याला कोरियन भाषेत 'च्चोक' म्हणतात. आपली नीळ शेंगवर्गीय आहे, तर च्चोक कुट्टूच्या कुळातले, पाण्याला न घाबरणारे रोप आहे. वसंतात पेरलेले हे रोप जुलै-ऑगस्टमध्ये फुलोऱ्याच्या आधी कापतात, मोठ्या मातीच्या रांजणात पाण्याखाली दगडांनी दाबून सुमारे दोन दिवस भिजवतात, चोथा काढून टाकतात आणि त्या पाण्यात शिंपले भाजून केलेला चुना घालून जोराने ढवळतात. तळाशी जो निळा गाळ बसतो तो 'निराम'. हा ओला लगदा राखेच्या निवळीत, म्हणजे राखेतून गाळलेल्या पाण्यात, कालवून उबेत आंबवला, की रंगाचा रांजण तयार होतो. कोरियन युद्धानंतरच्या काळात ही विद्या जवळजवळ नाहीशी झाली होती. १९७० च्या दशकापासून ती पुन्हा उभी राहू लागली आणि २००१ साली नाजूच्या युन ब्योंगउन व चोंग ग्वानचे या दोन रंगाऱ्यांना कोरियन शासनाने राष्ट्रीय वारशाचे धारक म्हणून मान्यता दिली.

आता पत्रांकडे वळू.

प्रश्न : ताई, आमच्या गटाने विकत आणलेल्या निळीच्या वड्यांचा रांजण लावला आणि एकाच दिवशी त्यात खादी, टसरचा दुपट्टा, धनगरी लोकरीची लड आणि अंबाडीच्या सुताची पिशवी बुडवली. खादी फिकी निघाली, टसर हिरवट-राखी झाला, लोकर गडद झाली पण हाताला खरखरीत लागते, आणि अंबाडीवर तर डागच डाग आले. वड्या खोट्या होत्या का? कोरियात हे कसे करतात? (आर्वी तालुका, जि. वर्धा)

वड्या खोट्या नव्हत्या, कारण लोकर गडद झाली. रांजण खोटा असता तर लोकरही रंगली नसती. चूक एवढीच झाली की चार वेगळ्या स्वभावाच्या धाग्यांना एकच वागणूक मिळाली.

नीळ इतर वनस्पतीरंगांप्रमाणे धाग्याशी तुरटीच्या मध्यस्थीने जोडली जात नाही. ती पाण्यात विरघळतच नाही. रांजणातील आंबवणीमुळे तिचे रूप बदलते, ती राख-चुन्याच्या खाराच्या पाण्यात विरघळणारी हिरवट-पिवळी होते आणि त्या रूपात धाग्याच्या आत शिरते. कापड वर काढले की हवा लागून ती पुन्हा मूळच्या न विरघळणाऱ्या निळ्या रूपात येते आणि धाग्यात अडकून बसते. म्हणजे रंग किती बसणार हे दोन गोष्टींवर ठरते : धागा आतपर्यंत किती मोकळा आहे, आणि रांजणातला खार त्या धाग्याला किती मानवतो. नाजूचा रंगारी रांजणाकडे जेवढे लक्ष देतो तेवढेच, किंबहुना थोडे अधिकच, कापडाच्या तयारीकडे देतो. आपल्याकडे नेमके तेथेच घाई होते.

खादीपासून सुरुवात करू. कापसाच्या धाग्यावर निसर्गतः मेण आणि पेक्टिनचा पातळ थर असतो, आणि मागावर चढण्याआधी ताण्याला लावलेली खळ त्यावर वेगळी बसलेली असते. तुमची खादी फिकी निघाली, कारण रंग खळीला लागला आणि धुण्यात खळीबरोबर निघून गेला. कोरे कापड आधी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून खळ सोडवावी, मग धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घालून दीड-दोन तास उकळावे. पाणी चहासारखे पिवळसर झाले तर घाबरू नये, तेच निघायला हवे होते. वाळलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो मोत्यासारखा थांबला तर पुन्हा उकळावे, क्षणात पसरला तर कापड तयार आहे. कापसाला खारही अधिक चालतो. पीएच कागदावर (पाण्यातला खार दाखवणारी, रंग बदलणारी पट्टी) साडेदहा ते अकराच्या आसपास रांजण असेल तेव्हा कापूस उत्तम रंग घेतो.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोरियातला कापूस हा मूळचा तिथला नव्हे. १४ व्या शतकात मुन इकजोम नावाच्या अधिकाऱ्याने चीनमधून कापसाचे बी आणले, अशी तेथील परंपरा सांगते. त्याआधी सामान्य माणसाच्या अंगावर मुख्यतः अंबाडीसारख्या सालीच्या धाग्यांचे कापड असे. म्हणून तेथील रंगाऱ्याच्या हाताला सालीच्या धाग्यांची सवय फार जुनी आहे आणि सुती कापड, ज्याला ते 'मुम्योंग' म्हणतात, ते नंतर आलेले पाहुणे. याच नाजूच्या परिसरातील सेतगोल येथील बारीक सुती विणकामाला १९६९ साली राष्ट्रीय वारशाचा मान मिळाला. कापूस आणि नीळ एकाच पंचक्रोशीत असणे ही आपल्या वर्धा खोऱ्यातल्या माणसाला किती ओळखीची वाटणारी गोष्ट आहे!

टसर आणि लोकर हे प्राण्यांपासून मिळणारे प्रथिनांचे धागे. त्यांना तीव्र खार सोसत नाही. तुमची लोकर खरखरीत लागते ती याच कारणाने : लोकर रंग फार आनंदाने घेते, पण कापसाला मानवणाऱ्या खारात ती राहिली की तिचे खवले उघडतात, तंतू अशक्त होतो आणि लोकर मऊपणा गमावून बसते. लोकरीसाठी पीएच नऊच्या जवळपास आणि रेशमासाठी त्याहून किंचित वर असावा. लोकर भिजायला वेळ घेते, म्हणून ती तासभर कोमट पाण्यात ठेवावी, रांजणात चोळू नये आणि गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकू नये, नाहीतर ती आटून नमद्यासारखी घट्ट होते. काळ्या मेंढीच्या लोकरीवर निळा रंग दिसणारच नाही, त्यासाठी पांढरी किंवा भुरकट लोकर वेगळी निवडावी.

टसरचे हिरवट-राखी होणे हा दोष मानू नये. तुतीच्या रेशमासारखा टसर पांढरा नसतो. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या किड्याचा तो धागा मधासारख्या रंगाचा असतो, आणि मधाच्या रंगावर पातळ निळा चढला की हिरवट-राखीच दिसणार. कोरियातील रेशीम, ज्याला 'म्योंगजू' म्हणतात, ते तुतीचे असल्यामुळे त्यावर पहिल्या-दुसऱ्या बुडवणीतच स्वच्छ आकाशी रंग उमटतो. टसरवर तशी अपेक्षा धरून त्याला विरंजक रसायनात घालणे मला पटत नाही. आरमोरीच्या टसरवर पाच-सहा बुडवण्यांनंतर जो गढूळ मोरपंखी निळा येतो तो मला तुतीच्या रेशमापेक्षा अधिक आवडतो, आणि तो दुसरीकडे कोठे मिळत नाही.

अंबाडीच्या डागांचे कारण लिग्निन, म्हणजे सालीच्या धाग्यातला लाकडाचा अंश. तो जेथे अधिक तेथे रंग कमी मुरतो. कोरियात सालीचे दोन धागे मोठ्या मानाचे आहेत : भांगेच्या झाडाच्या सालीपासून केलेले 'साम्बे' आणि रॅमी या झुडपाच्या सालीचे 'मोशी'. हान्सान या भागातील मोशीच्या विणकामाची २०११ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. तेथील बाया सालीचे पट्टे दातांनी चिरून केसासारखे बारीक करतात. हे मी प्रथम वाचले तेव्हा आमच्या गावच्या म्हातारीचे, मांडीवर अंबाडी वळणारे हात आठवले. मोशी लवकर भिजते, लवकर वाळते आणि तिच्या अंगच्या चमकेमुळे निळा रंग खोल पाण्यासारखा दिसतो, पण ती कडक असल्याने पिळली तर घडीवर तुटते. तिला दाबून पाणी काढतात. साम्बे अधिक भरड, आपल्या अंबाडीच्या जवळचे. तुम्ही अंबाडीचे सूत राखेच्या निवळीत दोन वेळा उकळा, प्रत्येक वेळी पाणी बदला आणि तेही पिळू नका. डाग कमी होतील, पण अंबाडी खादीसारखी एकसारखी कधीच रंगणार नाही, आणि पिशवीला ते शोभतेही.

आता सर्वांत उपयोगाची गोष्ट. आंबवणीचा रांजण दिवसेंदिवस स्वतःच आंबटाकडे झुकतो, म्हणजे त्याचा खार हळूहळू उतरतो. नवीन चुना किंवा निवळी घातल्यावर पहिल्या दिवशी कापूस आणि अंबाडी रंगवावी. दोन-तीन दिवसांनी कागद साडेनऊच्या खाली दाखवू लागला की टसरची पाळी, आणि त्यानंतर, पुन्हा चुना घालण्याच्या अगदी आधी, लोकरीची. एकाच रांजणात चारही धागे रंगतात, फक्त त्यांचे वार वेगळे असतात. टसर आणि लोकर बाहेर काढून निळी झाल्यावर पाण्यात थोडे व्हिनेगर घालून खंगाळावे, म्हणजे उरलेला खार मरतो.

प्रश्न : मोबाइलवर एका चित्रफितीत कोरियन बाई ताजी पाने बर्फाच्या पाण्यात वाटून त्यात कापड बुडवताना दिसली. ना चुना, ना राख, ना आंबवणे. अशा सोप्या पद्धतीने आम्हाला खादी रंगवता येईल का? (पवनी, जि. भंडारा)

खादी रंगवता येणार नाही. चित्रफितीतले कापड नीट पाहिलेत तर ते रेशीम असेल.

पानात निळा रंग तयार नसतो. त्यात इंडिकन नावाचा बिनरंगी पदार्थ असतो. पान चुरडले की पानातलेच विकर त्याचे तुकडे करतात आणि इंडॉक्सिल मोकळे होते. इंडॉक्सिलचे दोन कण हवेच्या संगतीत एकमेकांना जोडले गेले की नीळ झाली. इंडॉक्सिल पाण्यात विरघळते, त्यामुळे नीळ होण्याआधीच्या त्या थोड्या वेळात ते रेशमाच्या किंवा लोकरीच्या धाग्यात शिरू शकते आणि आत जाऊन निळे होते. कापसाच्या सेल्युलोजला त्याची ओढ फार कमी, म्हणून खादी धुतल्यावर जवळजवळ कोरीच राहते. बर्फ घालण्याचे कारण वेळ वाढवणे हे आहे : गारठ्यात ही जोडणी सावकाश होते आणि वाटलेला रस भांड्यातच निळा होऊन वाया जात नाही. म्हणूनच पाने तोडल्यापासून कापड बुडेपर्यंतचे सर्व काम भराभर करावे लागते. या पद्धतीने रेशमावर येणारा रंग फिका पाचूसारखा असतो. त्याला कोरियन भाषेत जेड या रत्नावरूनच नाव आहे, आणि जुन्या पोशाखांत तो रंग फार प्रिय होता. गडद निळा मात्र या मार्गाने येत नाही, त्याला रांजणच हवा.

प्रश्न : आमचा रांजण दिवाळीपर्यंत उत्तम चालला आणि नंतर मेला. वर साय येत नाही, पाणी निळेच राहते, कापड निळसर होऊन धुतल्यावर पांढरे पडते. आणखी चुना घालू का? (कळंब, जि. यवतमाळ)

चुना अजिबात घालू नका. ही चूक मी केलेली आहे आणि तिची किंमत मोजलेली आहे.

काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, गव्हाला पाणी देण्याच्या दिवसांत, माझा रांजण असाच सुस्त झाला. मला वाटले खार कमी पडला, म्हणून कागद न लावता मूठभर चुना घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला. तिसऱ्या दिवशी वरचे पाणी निवळले, सगळी नीळ तळाशी जाऊन बसली आणि रांजण पूर्ण गप्प झाला. आंबवणारे जिवाणू थंडीने आधीच मंदावले होते, त्यात मी खार इतका वाढवला की त्यांना काम करणेच अशक्य झाले. जिवाणूंनी काम थांबवले की नीळ विरघळत नाही, आणि न विरघळलेली नीळ कापडावर फक्त धुळीसारखी बसते. तुमचे कापड धुतल्यावर पांढरे पडते ते यामुळेच.

रांजणाला २५ ते ३० अंशांची ऊब लागते. विदर्भात उन्हाळ्यात तो सावलीत आणि अर्धा जमिनीत पुरलेला असावा, कारण ४५ अंशांचा तडाखा त्यालाही सोसत नाही. हिवाळ्यात रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा त्याला गोणपाट आणि पेंढ्याने लपेटावे. मी शेवटी रांजण गुरांच्या गोठ्यामागच्या उकिरड्यात गळ्यापर्यंत पुरला, कारण कुजणाऱ्या शेणखताची ऊब रात्रभर टिकते, आणि जिवाणूंना खाऊ म्हणून तरोट्याचे बी शिजवून, निववून घातले. तरोट्याचे बी ही दक्षिण भारतातल्या निळगरांची जुनी युक्ती आहे, आणि आपल्याकडे तर तरोटा पावसाळ्यात प्रत्येक बांधावर असतो. कोरियात याच कामासाठी काही रंगारी धान्याचा गोड पाक किंवा तांदळाची दारू थोडी घालतात. गूळही चालतो, पण गुळाने रांजण एकदम उसळतो आणि लवकर आंबट होतो, म्हणून तो जपून वापरावा. माझा रांजण नवव्या दिवशी उठला.

उठल्याची खूण कागदापेक्षा डोळ्यांना आधी कळते. वर तांब्याची झाक असलेली जांभळट साय येते, मधोमध निळा फेस फुलासारखा जमतो, आणि तो काठीने बाजूला सारला की खालचे पाणी हिरवट-पिवळे दिसते. कोरियन रंगारीही या फेसाला फूलच म्हणतात. वासही बदलतो. चांगल्या रांजणाला गोठ्यासारखा उग्र पण सहन होणारा वास येतो, नासलेल्याला मात्र कुजलेल्या मांसासारखी दुर्गंधी सुटते. तशी दुर्गंधी आली तरच खार उतरलेला असतो आणि तेव्हा थोडा चुना घालणे योग्य. ढवळायचे ते दिवसातून एकदा, काठी तळाशी नेऊन हलक्या हाताने, पाण्यात हवा न कोंडता.

प्रश्न : राख कशाची घ्यावी? आमच्याकडे पऱ्हाटी आणि तुराटी भरपूर आहे. शिंपल्यांचा चुना मात्र मिळत नाही. (वरोरा, जि. चंद्रपूर)

कोरियातील रंगारी राखेच्या निवळीसाठी ज्या गोष्टी जाळतात त्यांत भाताचा पेंढा आहे, आणि सोयाबीनच्या वाळलेल्या काड्या आहेत. सोयाबीन त्यांच्याकडे शेकडो वर्षांचे पीक आहे, आपल्याकडे ते गेल्या काही दशकांत पसरले, पण आज तुमच्या तालुक्यात मळणीनंतर त्याच्या कुटाराचे ढीग पडतात आणि काही जण ते शेतातच पेटवून देतात. हे ढीग मी पाहते तेव्हा मला त्यात रंगाऱ्याचा खार दिसतो. गुरांना लागेल तेवढे कुटार ठेवून, जाड काड्या वेगळ्या जाळून त्यांची पांढरी राख चाळून ठेवा. तुराटी आणि पऱ्हाटीची राखही चांगली चालते. चुलीतली राख घेणार असाल तर त्या चुलीत प्लास्टिक किंवा रंगवलेले लाकूड जळलेले नसावे.

टोपलीत जुन्या धोतराचे कापड घालून त्यावर राख भरावी, खाली भांडे ठेवावे आणि वरून उकळते पाणी हळूहळू ओतावे. थेंब थेंब गळणारी पहिली निवळी सर्वांत कडक असते. बोटांत घेतली तर साबणासारखी बुळबुळीत लागते, आणि अधिक वेळ राहिली तर कातडी खाते, म्हणून हात लगेच धुवावेत. ही पहिली निवळी रांजणाला, दुसरी-तिसरी कापड उकळायला.

शिंपल्यांचा आग्रह धरण्याचे कारण नाही. नाजू समुद्रापासून फार दूर नाही, म्हणून तेथे शिंपले सहज मिळतात. शिंपले असोत की चुनखडी, दोन्ही मूळचे कॅल्शियम कार्बोनेट, आणि भट्टीत भाजल्यावर दोन्हींचा कळीचा चुनाच होतो. वणी परिसरातल्या चुनाभट्ट्यांचा ताजा कळीचा चुना तुमच्यापासून जवळ आहे. तो पाण्यात विझवताना उकळतो आणि उडतो, तेव्हा चेहरा दूर ठेवावा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. हवेत बरेच दिवस उघडा पडलेला चुना निरुपयोगी, कारण तो पुन्हा खडीसारखा झालेला असतो.

प्रश्न : पांढऱ्या कपड्यांना द्यायची नीळ किराणा दुकानात मिळते. तीच का वापरू नये? (सेलू, जि. वर्धा)

नाव तेच असले तरी वस्तू वेगळी आहे. पुडीतली नीळ बहुधा अल्ट्रामरीन नावाचे खनिजी रंगद्रव्य असते आणि बाटलीतली नीळ वेगळ्याच कृत्रिम रंगाचे पाणी असते. दोन्हींचे काम पांढऱ्या कापडाचा पिवळटपणा डोळ्यांना न दिसू देणे एवढेच आहे. रांजणात त्यांचा काहीही उपयोग नाही.

प्रश्न : रंगवलेल्या खादीचा रंग अंगाला आणि पलंगपोसाला लागतो. रंग पक्का करण्यासाठी तुरटी किंवा हिरड्याचे पाणी द्यावे का? (समुद्रपूर, जि. वर्धा)

तुरटी आणि हिरडा येथे काम करणार नाहीत, कारण वर सांगितल्याप्रमाणे नीळ धाग्याशी त्या मार्गाने जोडली जातच नाही. पळसाच्या फुलांच्या पिवळ्याला त्यांची गरज असते, आणि निळीवर पळसाचा पिवळा चढवून हिरवा करायचा असेल तेव्हा ती तयारी जरूर करावी. तेव्हाही नीळ आधी, पळस नंतर.

अंगाला लागणारा रंग हा धाग्याच्या आत न गेलेला, वरवर बसलेला रंग असतो. तो दोन कारणांनी बसतो : रांजणात नीळ फार दाट असताना एक-दोन लांब बुडवण्यांत काम उरकले जाते, किंवा एका बुडवणीचे कापड पुरते निळे होण्याआधीच पुन्हा आत घातले जाते. पातळ रांजणात तीन-चार मिनिटांच्या अनेक बुडवण्या, आणि प्रत्येकीनंतर पाव तास हवा, हाच खात्रीचा उपाय आहे. माझ्या हातच्या जाड खादीला गडद निळ्यासाठी दहा ते बारा बुडवण्या लागतात. कापड ओले करूनच आत घालावे, कडेने सावकाश सोडावे, आत असताना पाण्याच्या वर येऊ देऊ नये आणि काढतानाही पृष्ठाजवळच दाबून पाणी निथळावे, म्हणजे रांजणात हवा जात नाही.

त्यानंतरचे काम आपल्याकडे बहुतेक जण टाळतात. रंगवलेले कापड कोरियात स्वच्छ पाण्यात दिवसचे दिवस ठेवून, पाणी बदलत राखेचा खार काढतात. खार राहिलेला कापूस कालांतराने पिवळट पडतो आणि जीर्ण होतो. विहिरीला पाणी कमी असेल तर हेच पाणी परसातल्या झाडांना एकदम न ओतता दुसरीकडे जिरवावे, कारण त्यात खार असतो. शेवटचे धुणे रिठ्याच्या पाण्यात करावे आणि वाळवणे सावलीत.

प्रश्न : तयार विकत घेतलेले कुर्ते रंगवले तर शिवण पांढरीच राहते, आणि एक कुर्ता तर ठिपक्याठिपक्यांचा झाला. (मूर्तिजापूर, जि. अकोला)

शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा आहे आणि ठिपक्यांचा कुर्ता टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या सुताचा. नीळ पॉलिएस्टरच्या आत या थंड रांजणात शिरूच शकत नाही. कापडातला एक दोरा काढून जाळून पाहावा : कापूस कागदासारखा जळतो आणि भुसभुशीत राख राहते, पॉलिएस्टर वितळून काळा मणी होतो. ज्यांना शिवलेले कपडे रंगवायचे आहेत त्यांनी ते सुती दोऱ्यानेच शिवून घ्यावेत.

प्रश्न : आमच्या बुद्धविहाराच्या महिला मंडळाला या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी स्वतः कातलेल्या सुताचे ४० उपरणे निळीत रंगवायचे आहेत. सर्वांचा रंग गडद आणि एकसारखा हवा. नियोजन कसे करावे? (देसाईगंज, जि. गडचिरोली)

तुमचे पत्र वाचून मला फार आनंद झाला. निळीचा आणि बौद्ध परंपरेचा कोरियातही जुना संबंध आहे. गोर्यो राजवटीच्या काळात निळीत अनेकदा रंगवून जवळजवळ काळानिळा केलेल्या कागदावर सोन्या-चांदीच्या शाईने सूत्रे लिहीत असत. तो कागदही तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, म्हणजे तुमच्या सुतासारखाच सेल्युलोजचा धागा, आणि आज सातशे वर्षांनंतरही त्यांपैकी कित्येक पोथ्यांचा निळा टिकून आहे.

एकसारखा रंग हवा असेल तर चाळीस उपरणी एकामागून एक पूर्ण करण्याचा विचार सोडून द्या. पहिली दहा गडद होतील आणि शेवटची दहा फिकी राहतील, कारण प्रत्येक बुडवणीत रांजणातील नीळ कमी होत जाते. सर्व चाळीस उपरण्यांना आधी पहिली बुडवणी द्यावी, मग सर्वांना दुसरी, आणि दर फेरीला क्रम उलटा करावा : या फेरीत जे पहिले होते ते पुढच्या फेरीत शेवटी. एका रांजणाला एका दिवसात चाळीस नगांचा भार सोसणार नाही. दोन रांजण लावा, एका दिवशी प्रत्येकातून वीस उपरणी एक-दोन वेळा काढा आणि दुसऱ्या दिवशी रांजणांना पूर्ण विश्रांती द्या. विश्रांतीच्या दिवशी हलके ढवळून तरोट्याचे शिजवलेले बी द्यावे. हातकताईचे सूत जाड-बारीक असल्यामुळे थोडी छटा राहीलच, ती काढण्याचा प्रयत्न करू नका.

१४ ऑक्टोबरपासून मागे मोजत या. शेवटचे पाच दिवस पाणी बदलत खार काढण्यासाठी, त्याआधी दोन दिवस वाळवण्यासाठी (पूर्ण वाळल्यावर उरलेली नीळ नीट निळी होते आणि मग धुतली तर कमी निघते), त्याआधी सुमारे सोळा दिवस बुडवण्यांसाठी, आणि त्याआधी दोन आठवडे रांजण उठण्यासाठी. म्हणजे रांजण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागलेला असावा. तुमच्या भागात तोपर्यंत पाऊस पुरता गेलेला नसतो आणि दमट हवेत कापड वाळायला वेळ लागतो, तेव्हा आठवडाभर हाताशी ठेवून रांजण ऑगस्टच्या अखेरीसच लावावा. सूत मात्र त्याच्याही आधी सोड्यात उकळून आणि थेंबाने तपासून ठेवा. रंगाईच्या दिवशी उकळायला बसलात तर दोन्ही कामे बिघडतील.